पूर्णविरामाची सिगारेट

हे प्रकरण एका मुद्रितशोधकाचं आहे. वय ५२. सिगारेट सुरू होऊन ३२ वर्षं झालेली, रोजच्या साधारण २३. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत. त्यांच्याच परवानगीने लिहिते आहे.

धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांसोबत मी बरीच वर्षं काम करते. तरीही या प्रकरणात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक मला इतरांच्या कामातही वारंवार दिसते. व्यसन सुटलं की सवय आपोआप गळून पडेल, असं आपण गृहीत धरतो. सुटतं ते अर्धंच, आणि उरलेलं अर्धं माणसाला परत ओढून नेतं. मग सगळे मिळून त्याच्या निग्रहाला दोष देतात.

पहिल्या भेटीत ते आले तेच खजील चेहऱ्याने. याआधी पाच वेळा सोडून झालं होतं. एका ठिकाणी त्यांना तोंडावर सांगण्यात आलं होतं की तुमच्यात मनोबळच नाही. ते वाक्य त्यांनी मला शब्दशः सांगितलं, आणि सांगताना नजर खाली होती. मला त्या वाक्याचा आजही राग येतो. कुठल्याही मदतीशिवाय, निव्वळ निश्चयावर सिगारेट सोडणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकतात ते तीन ते पाच. उरलेल्या पंच्याण्णव जणांना कमकुवत म्हणण्यात काय अर्थ आहे? ज्या माणसाने पाच वेळा ही झुंज घेतली आणि सहाव्यांदा दार ठोठावलं, त्याच्यात मनोबळ नाही असं म्हणवतं तरी कसं?

फागरस्ट्रॉम चाचणीचे सहा प्रश्न विचारले. निकोटिनवरचं अवलंबित्व मोजणारी ही छोटीशी प्रश्नावली १९९१ पासून वापरात आहे, गुण शून्य ते दहा. सगळ्यात जास्त वजन दोन प्रश्नांना असतं, त्यातला एक: उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट पेटते? यांचं उत्तर होतं, ‘पाय जमिनीला टेकायच्या आत.’ पाच मिनिटांच्या आत पेटवणाऱ्याला पूर्ण तीन गुण. रोज २१ ते ३० सिगारेटींचे दोन. आजारपणात अंथरुणातही ओढायचे, त्याचा एक. सकाळची पहिलीच सोडणं सगळ्यात अवघड, त्याचा एक. एकूण सात. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला तर २७ पीपीएम. न ओढणाऱ्या माणसाचा आकडा सहसा सहाच्या खाली असतो.

निकोटिनचं अवलंबित्व जबर आहे, यात शंका नव्हती. मीही तिथेच थांबले. आधीच्या पाच प्रयत्नांबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. मी ती टिपूनही घेतली, पण तिचा अर्थ लावला नाही. चौथ्या वेळी ते तब्बल पाच महिने राहिले होते. पाय मोडला होता म्हणून मुलीकडे होते, काम पूर्ण बंद. त्या पाच महिन्यांत फारसा त्रासही झाला नाही. घरी परतले, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रुफांचा गठ्ठा घेऊन टेबलाशी बसले, आणि दुपारच्या आत सिगारेट हातात होती.

‘पाच महिन्यांनीसुद्धा व्यसन जात नाही म्हणजे बघा मॅडम, किती खोल गेलंय ते,’ असं ते म्हणाले. मी मान डोलावली. खरं तर तिथेच थांबून मी त्यांना विचारायला हवं होतं, की पाच महिन्यांनी तुमच्या शरीरात निकोटिन होतं कुठे?

शरीराचा हिशेब

हा हिशेब इथे नीट मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. झुरक्यातलं निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं. तिथे पेशींवरच्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) ते चिकटतं, त्यांची संख्या ओढणाऱ्याच्या मेंदूत वाढलेली असते, आणि ते रिकामे राहिले की माणूस बेचैन होतो. निकोटिन लवकर उतरतंही. दर दोन तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. रात्रभराच्या झोपेत बहुतेक सगळं निघून जातं, म्हणूनच सकाळची पहिली सिगारेट इतकी तातडीची असते.

एकदम बंद केलं की काही तासांत चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणं, झोपमोड सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं टोकाला पोहोचतं आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतांश ओसरतं. भूक वाढलेली मात्र जास्त दिवस राहते. मेंदूतले ते वाढलेले ग्राहकही काही आठवड्यांत न ओढणाऱ्याच्या पातळीला येतात. म्हणजे शरीराची बाजू फार तर दोन-तीन महिन्यांची आहे. पाच महिने हे तिच्यासाठी पुरेसे आणि वर उरण्याइतके आहेत.

मग उरतं काय? एकदा त्यांच्यासमोर बसून मी गुणाकार केला. एका सिगारेटचे साधारण दहा झुरके, दिवसाच्या २३, वर्षाचे ३६५ दिवस, वर्षं ३२. सव्वीस लाखांच्या वर झुरके होतात. तेवढ्या वेळा हात ओठांपर्यंत गेला, आणि दर वेळी दहा-वीस सेकंदांत मेंदूला बक्षीस मिळालं. ही तालीम ज्या टेबलावर, ज्या खुर्चीत, ज्या कामाच्या मध्ये झाली, ते टेबल, ती खुर्ची आणि ते कामही त्या बक्षिसाचा भाग होऊन बसतं. निकोटिन उतरतं, टेबल जागेवरच राहतं.

१९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य-अधिकाऱ्याचा, धूम्रपानावरचा गाजलेला अहवाल आला. त्यात सिगारेटीला सवय म्हटलं होतं, व्यसन म्हटलं नव्हतं. १९८८ च्या अहवालाने ते दुरुस्त केलं आणि सिगारेट व्यसन लावते, ते लावणारं द्रव्य निकोटिन आहे, असं ठामपणे सांगितलं. ही दुरुस्ती फार गरजेची होती. तिच्यामुळे ओढणाऱ्याच्या माथ्यावरचा ‘मनाने दुबळा’ हा शिक्का पुसायला मदत झाली आणि औषधोपचाराची वाट मोकळी झाली. पण व्यसन हा शब्द लिहिताना आमच्यातल्या पुष्कळांनी सवय हा शब्द खोडूनच टाकला. दोन्ही शब्द राहायला हवे होते.

पहिला डाव

डॉक्टरांशी बोलून आम्ही २१ मिलिग्रॅमचा निकोटिनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, आणि सोबत ४ मिलिग्रॅमचं निकोटिनचं च्युइंगम ठरवलं. पॅच दिवसभर संथपणे निकोटिन पुरवत राहतो, अचानक उसळणाऱ्या तल्लफेला च्युइंगम. दोन्ही एकत्र वापरल्यास एकट्या पॅचपेक्षा जास्त लोक टिकतात, हे आता चांगलं सिद्ध झालेलं आहे. या च्युइंगमची जन्मकथा मी भेटणाऱ्यांना मुद्दाम सांगते. १९६७ साली ओवे फर्नो या स्वीडिश संशोधकाला एक पत्र आलं. पाणबुडीतल्या खलाशांना आत ओढता येत नाही, तेव्हा ते तोंडातल्या तंबाखूवर दिवस काढतात, असं त्यात होतं. म्हणजे त्यांना हवं होतं ते निकोटिन, आणि ते धुराशिवायही चालत होतं. त्यावरून पुढे हे च्युइंगम आलं. धूम्रपानाचे अभ्यासक मायकेल रसेल यांनी १९७६ मध्ये लिहिलं होतं की लोक ओढतात निकोटिनसाठी आणि मरतात डांबराने. पॅच म्हणजे निकोटिनच की, मग एक व्यसन सोडून दुसरं कशाला, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर तेच असतं. धूर थांबला की मारणारा भाग थांबतो, आणि पॅचमधलं निकोटिन इतकं हळू चढतं की त्याची चटक सहसा लागत नाही.

च्युइंगम चघळायची रीतही दाखवून दिली, कारण ती बहुतेकांची चुकते. तोंडात झिणझिण्या आल्या की चघळणं थांबवायचं, गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चारदा चावायची. सतत चघळत राहिलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. मळमळतं, आणि उपयोगही होत नाही.

सोडायचा दिवस ठरवायला मी त्यांना त्यांच्या कामाची वही आणायला सांगितली. एक पुस्तक संपत होतं, पुढचं यायला तीन आठवडे होते. मला ती फट सोयीची वाटली. कामाचा ताण नाही, शांतपणे पहिले दिवस निघतील. मी तो दिवस ठरवला. हीच माझी चूक.

पहिले तीन दिवस अपेक्षेप्रमाणे गेले. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, हात थरथरतात, छाती धडधडते, रात्रभर डोळा लागला नाही. त्यांना वाटलं, सिगारेटशिवाय शरीर कोसळतंय. मी कॉफीचं विचारलं. दिवसाला सहा कप, नेहमीप्रमाणे. तंबाखूच्या धुरातली काही द्रव्यं यकृतातल्या एका एन्झाइमला चाळवतात आणि त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन फार वेगाने बाहेर पडतं. ओढणं थांबलं की तो वेग काही दिवसांतच मंदावतो, आणि तेवढ्याच कॉफीतून रक्तात राहणारं कॅफीन दुपटीच्याही वर जाऊ शकतं. धुराचा हा परिणाम आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे पॅच लावूनही तो होतोच. कॉफी निम्म्यावर आणली, थरथर दोन दिवसांत गेली. किती लोक या थरथरीला सिगारेटची तहान समजून परत पेटवत असतील, याचा विचार करून मला वाईट वाटतं. साधी गोष्ट आहे, पण सांगितली जात नाही.

पॅच रात्री लावलेला राहिला की स्वप्नं ठळक पडतात. त्यांना आपण ओढतोय असं स्वप्न पडलं आणि ते पहाटे उठून थोटूक शोधत राहिले, इतके शरमले होते. असं स्वप्न सोडणाऱ्यांना सर्रास पडतं, त्यात गुन्हा काही नाही, हे सांगितल्यावर जीव भांड्यात पडला. आम्ही पॅच झोपताना काढायचा ठरवला. त्याची किंमत म्हणजे सकाळची कडक तल्लफ. तिच्यासाठी उशाशी च्युइंगम. दुसऱ्या आठवड्यात खोकला उलट वाढला आणि ते घाबरले. धुराने सुन्न पडलेले श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागले की साचलेला कफ वर येतो, त्यामुळे काही जणांना असं होतं. डॉक्टरांनी छाती तपासून घेतली. पुढे खोकला आपोआप कमी झाला.

एकोणीस दिवस. श्वासातला आकडा २७ वरून २ वर. त्यांनी ते यंत्र हातात घेऊन दोनदा बघितलं. मी माझ्या वहीत ‘उत्तम’ लिहिलं.

टेबल

विसाव्या दिवशी पुढच्या पुस्तकाची प्रुफं आली. तेविसाव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा फोन आला. ‘ह्यांचं परत सुरू झालंय. तुम्हाला सांगायची हिंमत होत नाहीये त्यांची.’

दुसऱ्या दिवशी ते आले. काय झालं ते मी त्यांच्याकडून मिनिटामिनिटाने ऐकलं. पहिला फॉर्म वाचून झाला, म्हणजे सोळा पानं. हात आपोआप उजवीकडे गेला, तिथे काही नव्हतं. च्युइंगम घेतलं. दुसरा फॉर्म झाला, पुन्हा तेच. तिसऱ्याच्या शेवटच्या पानावर येईपर्यंत त्यांना वाचलेलं दिसेनासं झालं. एकाच ओळीवरून डोळे चार वेळा फिरले. उठले, जुन्या कोटाच्या खिशात ‘असू दे’ म्हणून ठेवलेलं पाकीट काढलं आणि एक ओढली. त्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी सहा.

‘पॅच लावला होता?’ मी विचारलं.

‘लावला होता ना. आत्ताही आहे.’ त्यांनी बाही वर करून दाखवला.

हा क्षण मी विसरणार नाही. दंडावर २१ मिलिग्रॅमचा पॅच, रक्तात निकोटिन, आणि तरी माणूस उठून कोटाच्या खिशात हात घालतो. मला त्यांचे ते मुलीकडचे पाच महिने आठवले. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात केला होता. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पुन्हा त्यात सापडलेले फार थोडे निघाले. कारणं अनेक असतील, पण जागा, माणसं, दिनक्रम, सगळंच बदललेलं होतं, हे एक मोठं कारण मानलं जातं. माझ्या मुद्रितशोधकाच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडत होतं. दर वेळी ते सैनिकासारखे घरी परतत होते, आणि त्यांची रणभूमी घरातच होती. मी तर त्यांना टेबलापासून दूर ठेवून एकोणीस दिवस सराव करून घेतला होता. ज्या ठिकाणी लढाई होणार होती तिथला सराव शून्य.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, चूक माझ्या आखणीत होती असंही. त्यांना ते पटायला वेळ लागला, कारण ते आधीच स्वतःला दोषी ठरवून आले होते. ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेचं नेमकं वर्णन केलं आहे. मी त्याला व्रतभंगाची भावना म्हणते. एक सिगारेट ओढली जाते, मग ‘आता मोडलंच, आता कसला संयम’ असा विचार येतो, आणि त्या विचाराच्या जोरावर पुढच्या वीस ओढल्या जातात. पहिलीने फारसं नुकसान केलेलं नसतं. नुकसान करतो तो पुढचा विचार. पाय घसरणं आणि पायथ्याशी येऊन पडणं यात अंतर असतं, आणि त्या अंतरातच आमच्यासारख्यांनी हजर राहायचं असतं. पॅच चालूच ठेवायला सांगितला. एखादी ओढली गेली म्हणून पॅच काढून टाकायची गरज नसते.

मग त्यांना मी आठ दिवसांची एक नोंद ठेवायला दिली. ही नोंद खरं तर पहिल्या भेटीतच द्यायची असते. प्रत्येक सिगारेटीची किंवा तल्लफेची वेळ, जागा, नुकतंच काय संपलं आणि ओढ किती, एक ते दहा. जुन्या दिवसाची नोंदही आठवून लिहायला सांगितली, सिगारेटी २३ असतानाच्या. मुद्रितशोधकाची वही ती, काटेकोर. ती वाचून मी थक्क झाले. जुन्या २३ पैकी १४ सिगारेटी कशाच्या ना कशाच्या शेवटाला होत्या. फॉर्म संपला, फोन संपला, आंघोळ झाली, जेवण झालं, भांडण मिटलं. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ओढ दोन किंवा तीन लिहिलेली. दहापैकी नऊ ओढ फक्त तीन-चार जागी, त्यातली एक अर्थात सकाळची.

‘माझ्या आधी तुम्हीच वाचा हे,’ मी म्हटलं. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, पेन्सिलीने समासात लहानशी रेघ ओढली, आणि म्हणाले, ‘मॅडम, हा माझा पूर्णविराम आहे.’

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

नवा विराम

पूर्णविराम काढून टाकला तर मजकूर वाचता येत नाही. तिसऱ्या फॉर्मला झालं ते हेच होतं. एक काम संपल्याची खूण मेंदूला मिळेना, म्हणून पुढचं काम सुरू होईना. त्यामुळे ‘तल्लफ आली की मन दुसरीकडे वळवा’ हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नव्हता. विराम राहायला हवा होता, फक्त त्याचं चिन्ह बदलायचं होतं.

मी दीर्घ श्वास सुचवला. दोन दिवस केला आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की हाताला काही काम नाही, मन भरत नाही. थंड पाणी पिणं सुचवलं, ते फार लवकर संपतं. उत्तर त्यांचं त्यांनीच शोधलं. ते आजही लाकडी पेन्सिलीने प्रुफं वाचतात आणि पेन्सिलीला टोक ब्लेडने काढतात. त्यांनी ठरवलं, फॉर्म संपला की उठायचं, खिडकीशी उभं राहायचं, आणि एका डब्याच्या झाकणावर पेन्सिलीला टोक काढायचं. घाईने नाही. टोक हवं तसं येईपर्यंत.

मी ते एकदा पाहिलं. डाव्या अंगठ्याने ब्लेडची पाठ हळूहळू पुढे रेटायची, लाकडाची पातळ पापडी निघते, वळते, झाकणात पडते. मग पेन्सिल अंगठा आणि बोट यांच्यात थोडी फिरवायची, पुढची पापडी. लाकडाचा मंद वास येतो. शेवटी शिशाची पूड फुंकून टाकायची, आणि ती फुंकर ते लांब सोडतात, ओठ तसेच गोल करून. मी काही बोलले नाही, त्यांनाच जाणवलं. ‘हो, तेच आहे,’ म्हणाले. घड्याळ लावलं तर सारं मिळून चार मिनिटं. तल्लफेची एक लाटही साधारण तीन ते पाच मिनिटांत उतरते.

याला जोडून दोन-तीन गोष्टी केल्या. टेबलाच्या उजव्या कडेला ॲशट्रे ठेवून ठेवून लाकडावर गोल तपकिरी डाग पडला होता, आणि कडेला एक जळकी खाच होती, बोटाने चाचपता येईल अशी. ॲशट्रे कधीच फेकून दिला होता, पण हात अजून त्या डागाकडेच जात होता. टेबल दुसरीकडे हलवणं शक्य नव्हतं, उजेड डावीकडून हवा. म्हणून खुर्ची तिथेच राहिली आणि टेबल तेवढं जागच्या जागी अर्धं फिरवून घेतलं. डाग आता त्यांच्यापासून लांबच्या कोपऱ्यात आहे आणि त्यावर शब्दकोश उभा असतो. कोटाच्या खिशातलं पाकीट पत्नीच्या देखत पाण्याखाली धरलं.

दुसरं, प्रत्येक फॉर्मच्या शेवटच्या पानाच्या समासात वाचायला बसण्यापूर्वीच त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवायचं: ‘इथे टोक काढणे.’ पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून आलेली ही युक्ती आहे. ‘मी ओढणार नाही’ असा नुसता संकल्प करण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच नेमकं ठरवलेलं असेल तर ते प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता वाढते. निर्णय घ्यायचा क्षण थकलेल्या माणसावर सोडायचा नाही, ताज्या माणसाने तो आधीच घेऊन ठेवायचा.

पत्नीशी मी वेगळं बोलले. त्या रोज त्यांचा शर्ट हुंगत होत्या आणि ते रोज चोर ठरत होते. त्यांची काळजी खरी होती, तीस वर्षांची होती. एक महिना काहीच विचारायचं नाही, हुंगायचं नाही, एवढंच मागितलं. फार कठीण गेलं त्यांना ते, पण त्यांनी केलं.

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली, या वेळी मुद्दाम कामाच्या ऐन गर्दीत. पहिला आठवडा वाईट गेला. वाचनाचा वेग निम्म्यावर आला, एक वेळापत्रक चुकलं. दुसऱ्या आठवड्यात वेग परत आला. पाचव्या आठवड्यात एक दिवस ते म्हणाले की आज फॉर्म संपल्यावर आपण उठून टोक काढून परत बसलो, आणि सिगारेटची आठवण नंतर झाली. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसतात, पण कुणाला १८, कुणाला २५४ पर्यंत. मी सहसा आकडा सांगत नाही, लोक तो धरून बसतात. यांना सांगितला, कारण ते मोजणारे आहेत.

पॅच २१ वरून १४, मग ७, आणि सुमारे तीन महिन्यांनी बंद. वजन चार किलोने वाढलं. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतंच, त्याची मी त्यांना आधीच कल्पना दिली होती, त्यामुळे त्यावरून काही बिनसलं नाही. सहाव्या महिन्यात ते एकदा गंभीरपणे विचारत होते की या वयात सोडून फायदा किती. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग ठेवून २००४ मध्ये जे मांडलं ते सांगितलं: पन्नाशीला सोडणाऱ्याला, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, सरासरी सहा वर्षं जास्त मिळतात. साठीला सोडलं तरी तीन. त्यांनी ‘सहा’ हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला.

आज चौदा महिने झाले आहेत. मधे एकदाच कठीण प्रसंग आला. एक मोठा ग्रंथ संपला, शेवटचा फॉर्म हातावेगळा झाला, आणि पेन्सिलीला टोक काढूनही हात मोकळाच राहिला. शेवटच्या फॉर्मनंतर दुसरा फॉर्म नसतो, तेव्हा टोकदार पेन्सिलीचा उपयोग काय? ते घराबाहेर पडले, तासभर चालले, परत येऊन मला फोन केला. ग्रंथ संपण्याचा विराम वेगळा लागतो, हे आम्हाला दोघांनाही त्या दिवशी कळलं. आता शेवटचा फॉर्म ते सकाळीच वाचायला घेतात आणि वाचून झाला की स्वतः चालत जाऊन पोचवून येतात.

गेल्या आठवड्यात ते न बोलावता आले. प्रकाशकाने कळवलं आहे की पुढच्या महिन्यापासून प्रुफं कागदावर येणार नाहीत, सगळं पडद्यावर. म्हणजे पेन्सिल नाही, समास नाही, सोळा पानांचा फॉर्मही नाही, फाइल नुसती खाली खाली सरकत राहते. ‘संपल्याचं कळणार कसं?’ त्यांनी विचारलं. पूर्वी ते घसरल्यावरही माझ्याकडे यायला कचरायचे, या वेळी प्रुफं यायच्या तीन आठवडे आधी आले होते. आम्ही तासभर बसलो. दर सोळा पानांनी फाइल बंद करायची का, घड्याळ लावायचं का, पेन्सिल निव्वळ टोक काढण्यासाठी जवळ ठेवली तर हाताला ते खोटं वाटेल का, सगळं बोललो. अजून ठरलेलं काही नाही. सोमवारी ते जुन्या पुस्तकाची फाइल घेऊन येणार आहेत. माझ्यासमोर बसून पडद्यावर वाचतील, आणि त्यांचा हात कुठे थांबतो ते आम्ही दोघं पाहणार आहोत.